पुण्याला, मुंबईत, गावी : धाराशिव जिल्ह्यातील स्थलांतराची भाषा आणि मराठी समीक्षेची एक अपुरी जोडी

१

गाव आणि शहर ही जोडी मराठी समीक्षेत इतकी रुळली आहे की, तिच्याकडे गृहीतक म्हणून पाहण्याची सवयच राहिलेली नाही. आनंद यादव यांच्या ग्रामीण साहित्यविषयक विवेचनापासून पुढील काळातील स्थलांतरविषयक लेखनापर्यंत बहुतेक चर्चा याच जोडीभोवती फिरते. गावात राहावे की शहरात जावे, गेल्यावर माणूस तुटतो की टिकतो, परत येणे हा पराभव की सुटका, हे प्रश्न मूल्यवान आहेत आणि त्यांनी समीक्षेला बरेच दिले आहे. परंतु या सर्व प्रश्नांत 'शहर' हे एकवचनी आहे. ते पुणे आहे की मुंबई, सोलापूर आहे की हैदराबाद, याने विवेचनात काही फरक पडत नाही. शहर म्हणजे गाव नसलेले ठिकाण, एवढीच त्याची ओळख उरते.

पोट भरण्यासाठी घर सोडणाऱ्या माणसापुढे मात्र प्रश्न बहुधा या रूपात येत नाही. जावयाचे आहे हे त्याच्या बाबतीत जमिनीने, पावसाने किंवा शिक्षणाने आधीच ठरविलेले असते. उरतो तो दुसरा प्रश्न : कोणत्या शहरी? हा दुसरा प्रश्न दुय्यम नाही. त्यावर माणसाची पुढली भाषा, मुलांची शाळा, सोयरिकीचे वर्तुळ आणि परतीचे अंतर अवलंबून असते. मराठी साहित्यात व विशेषतः समीक्षेत हा दुसरा प्रश्न का दिसत नाही आणि तो कोठे शोधावा, याचा विचार प्रस्तुत लेखात धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

धाराशिव जिल्हा यासाठी विशेष सोयीचा आहे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम व परंडा या आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १६,५७,५७६ होती आणि तीत नागरी लोकसंख्या सुमारे सतरा टक्के होती. २०१८ साली केंद्र शासनाने ज्या जिल्ह्यांना आकांक्षित जिल्हे म्हणून निवडले, त्यांत महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशीम व गडचिरोली यांच्याबरोबर या जिल्ह्याचा समावेश होता. मोठे कारखाने नाहीत, शेती पावसावर, आणि महानगर जिल्ह्याबाहेर. म्हणून येथे काम शोधणाऱ्याचे 'जाणे' हे जिल्ह्याबाहेरचे जाणे असते, आणि बाहेर दिशा एकच कधीच नव्हती.

२

या दिशांचा इतिहास थोडक्यात ध्यानात घेणे आवश्यक आहे, कारण भाषेतील पुरावा त्याशिवाय उलगडत नाही.

पहिला कालखंड १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतचा, आणि प्रशासनाच्या दृष्टीने १ नोव्हेंबर १९५६ पर्यंतचा. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. शेजारचे बार्शी व सोलापूर मुंबई इलाख्यात. पलीकडचे लोक या मुलखाला 'मोगलाई' म्हणत. अलीकडे हाली सिक्का चाले, पलीकडे कलदार. मधल्या वाटेवर करोडगिरीचा नाका असे. सरकारी नोकरी हवी असेल तर तोंड पूर्वेला, हैदराबादकडे करावे लागे. व्यापार, छापलेले मराठी पुस्तक किंवा गिरणीतील काम हवे असेल तर पश्चिमेला, सोलापूर-पुणे-मुंबईकडे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी कुर्डुवाडीकडून येऊन येडशीवरून लातुरास जाई. म्हणजे रूळही या मुलखाला पश्चिमेशीच जोडत होते, आणि राज्यसत्ता मात्र पूर्वेला होती. दोन शहरांतील निवड ही त्या काळी दोन राज्यांतील, दोन नाण्यांतील आणि दोन लिप्यांतील निवड होती.

दुसरा कालखंड १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने सुरू झाला. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राजधानी एका रात्रीत हैदराबादऐवजी मुंबई झाली. परंतु मुंबईत या जिल्ह्याचे माणूस नव्हते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. मुंबईच्या गिरण्यांचा कामगार मुख्यतः रत्नागिरीचा आणि सातारा-कोल्हापूरकडचा. त्यांच्या गावकीच्या खोल्या, खानावळी, मंडळे यांची वीण दोन-तीन पिढ्यांत घट्ट झालेली होती. परराज्यात राहिलेल्या उस्मानाबादकराला त्या विणीत जागा नव्हती. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील अनेक कुटुंबांना मुंबईच्या वाटेला लावले, आणि त्यानंतर दहा वर्षांतच, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. ज्या मुंबईत उशिरा पोहोचलो ती मुंबईच कापडगिरण्यांची राहिली नाही. त्याच वर्षी १६ ऑगस्टला उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला. त्या सुमारास पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांची औद्योगिक वाढ पुष्कळ पुढे गेलेली होती. या जिल्ह्याचे स्थलांतर तेव्हापासून प्रामुख्याने पुण्याकडे वळले, त्याची कारणे अंतरात जितकी तितकीच या उशिरात आहेत.

तिसरा कालखंड आजचा. हैदराबादेत १९९८ मध्ये सायबर टॉवर्सची इमारत उभी राहिली, पुण्याजवळ हिंजवडीला संगणक-उद्योगाची वसाहत वाढली, आणि पुणे–हैदराबाद महामार्गावरच्या नळदुर्ग-उमरग्याच्या अभियंत्यापुढे आजोबांच्या काळातली पूर्व-पश्चिम निवड पुन्हा येऊन उभी राहिली. उमरग्याहून हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ आहे. तरीही 'पुण्याला जातो' हे वाक्य घरात सहज उमटते आणि 'हैदराबादला जातो' म्हटल्यावर 'तिकडे कोण आहे?' असा प्रश्न येतो. अंतराच्या हिशोबाने हा प्रश्न उलगडत नाही.

३

दोन शहरांतील निवडीचा निर्णय कोणत्या क्षणी झाला, हे घरातील माणसांना विचारल्यास बहुधा सांगता येत नाही. बोलण्यात मात्र त्याच्या खुणा राहतात. त्या विभक्तिप्रत्ययांत आणि क्रियापदांच्या निवडीत आढळतात.

मुलाविषयी विचारले असता आईबाप सांगतात, 'तो पुण्याला असतो'. 'पुण्यात राहतो' हेही म्हटले जाते, परंतु दोहोंचा अर्थ एक नाही. 'ला' हा मूलतः गंतव्याचा प्रत्यय होय. 'असणे' हे स्थितीचे क्रियापद. गंतव्याचा प्रत्यय स्थितीच्या क्रियापदाशी जोडला की गेलेला माणूस पोहोचला असूनही अजून 'जाण्याच्या' अवस्थेत धरला जातो. त्याचे घर वाक्याबाहेर, बोलणाऱ्याच्या पायाखाली आहे. 'नोकरीला पुण्याला असतो' या प्रयोगात दोन 'ला' शेजारी येतात, एक हेतूचा व एक स्थळाचा, आणि ऐकणाऱ्याला स्थळ हेतूच्या आधारावरच उभे आहे असे जाणवते. नोकरी संपली की 'ला' ही संपेल, असे त्यात गृहीत आहे.

'त' प्रत्ययाचा प्रवेश बहुधा मालमत्तेबरोबर होतो. 'पुण्यात घर घेतले', 'पुण्यात मुलं शाळेत घातली'. 'नोकरी पुण्याला, घर पुण्यात' असे एकाच दमात म्हणणारा माणूस व्याकरण चुकत नाही. तो आपल्या आयुष्यातील एका टप्प्याची नोंद करतो. तिसरा टप्पा षष्ठीचा : 'तो आता पुण्याचाच झाला'. हे वाक्य गावात कौतुकानेही म्हटले जाते आणि तक्रारीनेही, पण बहुधा त्या माणसाच्या पाठीमागे.

या तिन्हींहून वेगळे एक रूप आहे : सप्तमीचा जुना 'ई'. घरी, दारी, गावी, माहेरी, सासरी. आजच्या बोलण्यात हा प्रत्यय मोजक्या शब्दांपुरता उरला आहे, आणि त्या शब्दांत नात्याची स्थळे ठळक आहेत. भक्तिगीतांच्या भाषेत पंढरपुरी, तुळजापुरी अशी रूपे आढळतात. देवीच्या ठिकाणालाही तो मान मिळाला. पुणे, मुंबई, हैदराबाद या पोटाच्या शहरांना रूढ बोलण्यात तो मिळत नाही. पुण्यात तीस वर्षे काढलेला माणूसही दिवाळीला 'गावी' जातो आणि गावाहून 'पुण्याला' परत येतो. 'गाव कोणते?' या प्रश्नाचे उत्तर त्याच्या मुलालाही वाशी किंवा लोहारा असेच द्यावे लागते.

येथे एक आक्षेप संभवतो. हे प्रत्यय सर्व मराठी भाषक वापरतात. मग त्यांत धाराशिवचे असे काय? शिवाय 'पुण्याला राहतो', 'मुंबईत असतो' हीही रूपे ऐकू येतात. आक्षेप रास्त आहे. येथे नियम सांगितलेला नाही, कल सांगितला आहे. आणि हा कल केवळ या जिल्ह्याचा आहे असाही दावा नाही. परंतु जेथे जवळजवळ प्रत्येक कुटुंबातील कोणी ना कोणी बाहेर असते, तेथे या सर्वसामान्य साधनांवर विशेष भार पडतो. सर्वांकडे असलेली भाषा कोणत्या समाजात कोणत्या जागी अधिक राबते, हे पाहणे समीक्षेच्या कक्षेत बसते.

प्रत्ययांइतकाच कर्ताही महत्त्वाचा. शहर 'निवडणे' हे क्रियापद या बोलण्यात जवळपास आढळत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्याने मुकादमाकडून 'उचल' घेतलेली असते. पैसा आधी हाती पडतो, त्याच्याबरोबर जाण्याचे ठिकाणही ठरते, आणि हंगामभराचे श्रम त्या पैशाची फेड करतात. सरकारी नोकराची 'बदली होते'. कर्मणी वळणाच्या त्या वाक्यात बदली करणारा अदृश्य असतो. सुशिक्षित तरुण 'मामाकडे', 'मित्राच्या खोलीवर' जातो. शहराचे नाव नंतर येते. आणि मुलीच्या बाबतीत क्रियापदच वेगळे आहे : ती 'पुण्याला दिली' जाते.

हे शेवटचे उदाहरण दुर्लक्षिण्याजोगे नाही. विवाहाच्या प्रस्तावाला मराठीत 'स्थळ' म्हणतात. 'पुण्याचं स्थळ' या शब्दांत वर आणि नगर एकच होऊन जातात. शेती करणाऱ्या मुलांची लग्ने जमणे कठीण झाल्याची गोष्ट आज मराठवाड्यातील कोणत्याही गावात ऐकावयास मिळते. म्हणजे पुणे की हैदराबाद हा प्रश्न नोकरीचा म्हणून विचारला जातो खरा, पण त्याचे उत्तर पुष्कळदा सोयरिकीच्या बाजूने येते, आणि त्या सोयरिकीत जिचे आयुष्य त्या शहरी जावयाचे असते ती वाक्यात कर्म असते. दोन शहरांतील निवडीचा विचार करताना निवडणारा कोण, हे आधी विचारले पाहिजे ते याकरिता. जिने शहर निवडले नाही तिलाच पुढे ते शहर बाजारहाट, शेजार आणि मुलांचे बोलणे या रूपांत दररोज जगावे लागते.

४

दोन शहरांपैकी एक घेणे म्हणजे दोन भाषिक संबंधांपैकी एक घेणे, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

संस्थानी काळात ते उघड होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, आणि संस्थानाच्या नोकरीत शिरावयाचे तर त्या भाषेवाचून गत्यंतर नव्हते. मराठी माध्यमाच्या शिक्षणासाठी उभ्या राहिलेल्या खाजगी राष्ट्रीय शाळा, ज्यांत या जिल्ह्यातील हिप्परगा येथील शाळेचा उल्लेख प्रथम करावा लागतो आणि जेथे स्वामी रामानंद तीर्थ यांनी अध्यापन केले, या निवडीला दिलेले एक उत्तरच होत्या. या कारणाने मराठवाड्याच्या इतिहासात हैदराबादकडे जाणे म्हणजे भाषा गमावणे, असा एक सूर बळकट झाला. तो अकारण नाही. तथापि तो पुराही नाही.

सेतुमाधवराव पगडी यांचे उदाहरण या ठिकाणी उपयोगी पडते. त्यांचा जन्म १९१० साली निलंग्याचा. निलंगा तेव्हा बिदर जिल्ह्यात होते, १९५६ नंतर उस्मानाबादेत आले आणि १९८२ नंतर ते लातुरात आहे. एका गावाचे हे तीन पत्ते या भागाच्या इतिहासाचा सारांशच होत. पगडी हैदराबाद संस्थानच्या सेवेत गेले. तेथील उर्दू-फार्सीचा अभ्यास, आणि अधिकारी म्हणून आदिवासी मुलखात काम करताना गोंडी व कोलामी या भाषांशी जडलेला संबंध, हे त्यांना हैदराबादच्या दिशेने दिले. राज्यपुनर्रचनेनंतर ते मुंबईकडे आले, आणि 'मोगल दरबाराची बातमीपत्रे' यांसारखी फार्सी साधने त्यांनी मराठीत आणली. मराठ्यांच्या इतिहासाला मुंबईत जे मिळाले ते हैदराबादेत कमावलेल्या भाषेच्या बळावर. दोन शहरांपैकी एक घेतले म्हणजे दुसरे गमावले, असा सरळ हिशोब मांडणाऱ्यांनी या कारकिर्दीचा विचार करावा. तेवढाच विचार दुसऱ्या बाजूचाही करावा लागेल : हे भाषिक धन पगडींना अधिकारपदाबरोबर आले. हैदराबादेत हमाली करणाऱ्या मराठवाड्याच्या माणसाला उर्दू मिळाली ती ग्रंथांची नव्हे, हुकमाची.

१९५६ नंतर निवड एकाच भाषेच्या आतली झाली, म्हणून ती भाषिक राहिली नाही असा समज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. दक्षिण मराठवाड्याच्या बोलीत चालू क्रियेसाठी 'करायलाय', 'जायलाय', 'काय करायलास?' अशी रूपे आहेत. सोलापूर-कोल्हापूरकडेही ती थोड्या फरकाने आढळतात. प्रमाण मराठीत त्या जागी 'करतोय', 'जात आहे'. पुण्यात गेलेल्या तरुणाच्या बोलण्यातून सर्वांत आधी गळते ते हे '-लाय'. पुणे हे प्रमाण भाषेचे पीठ मानले गेलेले शहर. तेथे त्याच भाषेचा भाषक म्हणून माणूस प्रवेश करतो आणि त्याच भाषेत तो अशुद्ध ठरतो. परक्या भाषेत अडखळणाऱ्याला सवलत मिळते. आपल्या भाषेत अडखळणाऱ्याला हसू मिळते. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्याच्या पेठांत खोल्या घेऊन राहणाऱ्या मराठवाड्यातील मुलामुलींना मुलाखतीचा सराव करताना आपली क्रियापदे प्रथम बदलावी लागतात.

मुंबईत दुरुस्त करणारे कान कमी. तेथे बोली दुरुस्त होण्याऐवजी मिसळते. कामाच्या जागी हिंदी, वस्तीत अनेक जिल्ह्यांची मराठी, आणि '-लाय' कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. परंतु जेथे कोणी हसत नाही तेथे पुष्कळदा कोणी ऐकतही नाही. हैदराबादेत आज स्थिती तिसरीच आहे. कचेरीत इंग्रजी, रस्त्यावर तेलुगू व दखनी. मराठी फक्त घरात. तेथे '-लाय' टिकून राहण्याची शक्यता पुण्यापेक्षा अधिक, कारण घरात ते चुकीचे ठरविणारे कोणी नाही. पण पुढल्या पिढीत मराठीच टिकेल काय, हा प्रश्न तेथे मोठा आहे. पुणे भाषा राखते आणि बोली घेते. हैदराबाद बोली राखू देते आणि भाषेला धोका उत्पन्न करते. मुंबई दोहोंबाबत उदासीन राहते. ही विभागणी ढोबळ आहे आणि प्रत्यक्ष नोंदींनी तीत दुरुस्त्या होतील. तरी वेतन व घरभाडे यांच्या तुलनेत जी किंमत कधी मांडली जात नाही ती कोणती, हे तिच्यावरून कळते.

५

आता साहित्याकडे वळता येईल. अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीचे शीर्षकच वरील दृष्टीने वाचण्यासारखे आहे. 'राहणे' हे स्थायी क्रियापद मैनेला मिळाले आहे, जाणाऱ्याला नाही; तो बोलतो मुंबईत, पण शीर्षकात मुंबई नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही मैना सीमेपलीकडे राहिलेल्या मुलखाचे रूप झाली, ते शक्य झाले याचे एक कारण 'गावावर राहणे' या प्रयोगात विरहाबरोबर हक्कही आहे. जे 'राहिले' ते आपलेच आहे. पण साठे वाळवे तालुक्यातील वाटेगावचे. त्यांच्या मुलखासाठी मुंबई हे एकमेव शहर होते, दुसऱ्या दिशेचा प्रश्न तेथे नव्हता. मराठी समीक्षेतील एकवचनी शहर पुष्कळ अंशी या मुंबईच्या आणि तिच्यामागील सातारा-कोकणच्या अनुभवातून आले आहे. ते सर्व महाराष्ट्राला लावले गेले, हा त्या साहित्याचा दोष नव्हे.

भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबऱ्यांत दोन शहरे आहेत, हे सांगूनही सहसा त्यांची तुलना होत नाही. 'कोसला' (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला जातो आणि परततो. 'बिढार' मधील चांगदेव मुंबईत वाङ्मयीन जगाचा अनुभव घेतो आणि पोटासाठी बाहेरगावच्या महाविद्यालयाची वाट धरतो. पुणे शिक्षणाचे, मुंबई साहित्याची, आणि नोकरी तिसऱ्याच ठिकाणी. 'कोसला' मधील भाषेचा खेळ, तीतली औपचारिक मराठीची विडंबने, पुण्याशिवाय कल्पिता येत नाहीत. दुरुस्त करणाऱ्या शहरात राहिलेल्या माणसाने त्या दुरुस्तीवर उगवलेला तो सूड आहे. मुंबईत गेलेल्या सांगवीकराला या सूडाची गरज पडली नसती, आणि ती कादंबरी वेगळी झाली असती. 'कोसला' वरील विपुल लेखनात परात्मतेची चर्चा पुष्कळ आहे, पण ही परात्मता पुण्याची आहे, कोणत्याही शहराची नव्हे, हे म्हणावे तितके मांडले गेलेले नाही. 'बिढार' हा शब्दही पाहण्याजोगा : मुक्कामाचा अर्थ देणारा, पण मुक्काम हलता आहे हे न विसरू देणारा. '-ला असणे' या प्रयोगात जी अवस्था आहे तीच येथे नाम होऊन आली आहे.

धाराशिव-लातूर भागातील गद्यात शहराची जागा आणखी वेगळी आहे. रा. रं. बोराडे यांचा जन्म लातूरजवळच्या काटगावचा, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला. त्यांची 'पाचोळा' (१९७१) गावातील शिंप्याच्या घराची कथा त्याच्या बायकोच्या तोंडून, त्या भागाच्या बोलीत सांगते. या कादंबरीत निवेदनाची सर्व सत्ता ज्या स्त्रीकडे आहे तिला जाण्याचा किंवा राहण्याचा निर्णय करण्याची सत्ता नाही. समीक्षेने या निवेदनाचे कौतुक अस्सल बोली म्हणून केले. ते योग्यच, परंतु वर सांगितलेल्या 'दिली', 'नेली', 'राहिली' या क्रियापदांच्या व्यवस्थेत अडकलेली व्यक्ती येथे सांगणारी झाली आहे, ही गोष्ट बोलीच्या अस्सलपणाहून मोठी आहे. कळंब तालुक्यातून आलेल्या भास्कर चंदनशिव यांच्या 'लाल चिखल' या कथेत शहर बाजाराच्या रूपाने येते. माणूस तेथे राहावयास जात नाही. त्याचा माल जातो आणि त्याची किंमत दुसरा ठरवितो. टोमॅटो तुडविणाऱ्या बापाची ती कृती ज्याने पाहिली त्या मुलासाठी पुढे गाव सोडण्याचा प्रश्न उरणार नाही, कोठे जावयाचे एवढाच उरेल. कथा तेथवर जात नाही आणि तिने जावे अशी अपेक्षाही नाही. समीक्षकाने मात्र ती पुढची पायरी पाहावयास हवी होती.

लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनात धनेगावच्या पाथरुट कुटुंबातील मुलगा लातूरला येतो आणि सूतगिरणीत कामगार होतो. या पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाची चर्चा जातिव्यवस्था आणि गुन्हेगार ठरविलेल्या जमातींचे जीवन या अंगांनी झाली, आणि ती तशीच व्हावयास हवी होती. पण स्थलांतराच्या अंगाने पाहता त्यात एक गोष्ट लक्षणीय आहे. ज्याच्या जमातीला पिढ्यान्‌पिढ्या एका ठिकाणी राहण्याचा विश्वास मिळाला नाही, त्याच्या दृष्टीने जवळचे लातूर हेच मोठे शहर आहे, आणि गिरणीच्या हजेरीपटावर नाव लागणे हीच स्थिर पत्त्याची सुरुवात. 'उचल्या' आणि ऊसतोडीची 'उचल' हे एकाच धातूचे शब्द. एकात माणसाने वस्तू उचलली म्हणून तो कलंकित, दुसऱ्यात माणसाने पैसा उचलला म्हणून तो बांधलेला. दोहोंत पुणे की मुंबई हा प्रश्न विचारण्याची ऐपतच नाही. दोन शहरांत निवड करता येणे ही सुद्धा एक सामाजिक प्रतिष्ठा आहे, याचे भान या पुस्तकाने दिले आहे. ते समीक्षेने उचलले नाही.

६

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली, गाव–शहर ही जोडी टाकून देण्याची आवश्यकता नाही, पण तिच्यातील 'शहर' हे पद सामान्यनाम म्हणून वापरणे थांबविले पाहिजे. विशेषनाम येताच वाचन बदलते, हे 'कोसला' च्या उदाहरणावरून दिसते. दुसरी, निवडीचा प्रसंग कथानकात शोधल्यास तो बहुधा सापडणार नाही, कारण प्रत्यक्ष जीवनातही तो प्रसंग म्हणून घडत नाही. तो 'ला', 'त', 'चा' यांच्या अदलाबदलीत, कर्त्याच्या अनुपस्थितीत आणि 'स्थळ', 'उचल', 'बदली' अशा शब्दांत पसरलेला असतो. कादंबरीच्या वाचकाने कोणत्या प्रकरणात पात्र 'पुण्याला' असते आणि कोणत्या प्रकरणात 'पुण्यात' येते, हे पाहावे. पुष्कळदा कथानकाने न सांगितलेले वळण तेथे मिळते. तिसरी, निवडीची किंमत भाषेत मोजली गेली पाहिजे, आणि ती सर्वांना सारखी पडत नाही. अधिकाऱ्याला हैदराबादेत फार्सी मिळाली. मजुराला हुकूम समजण्यापुरती उर्दू. परीक्षार्थ्याला पुण्यात पद मिळते. त्यासाठी तो क्रियापद देतो. पुण्याला 'दिलेल्या' मुलीला काय मिळाले आणि तिने काय दिले, याची नोंद मराठीत अजून फारच थोडी आहे.

जानेवारी २०२० मध्ये त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या जिल्ह्याच्या गावी भरले, तेव्हा मराठवाड्याच्या बोलीचा गौरव झाला. गौरवाने बोली टिकत नाही. तिची नोंद झाली तर निदान ती कोणत्या वाटेने गेली हे कळते. २००७-०८ मध्ये रुंद झालेल्या रुळांवरून लातूर–मुंबई गाडी आज धाराशिव स्थानकावर थांबते आणि पुण्यावरून मुंबईस जाते. त्या गाडीतील बोलणे, पुण्याला उतरणारे व मुंबईपर्यंत जाणारे यांची क्रियापदे, सुटीत परतलेल्या मुलांना आजी कोणत्या रूपात प्रश्न विचारते आणि ती कोणत्या रूपात उत्तर देतात, याच्या पद्धतशीर नोंदी करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. अनेकांच्या बाबतीत तर ते त्यांच्या स्वतःच्या घरातच करता येईल. अशा नोंदी हाती आल्यावर वरील विभागणीतील काही भाग चुकीचाही ठरेल. एवढे मात्र तेव्हा स्पष्ट होईल की, धाराशिवच्या माणसाने कोणते शहर घेतले, हे त्याच्या पत्त्याआधी त्याच्या वाक्यात लिहिलेले होते, आणि मराठी समीक्षेला ते वाचण्याची साधने आधीपासूनच उपलब्ध होती.